शाहूपुरीचा उन्हाळा आणि प्रोसेसरचा पंखा

कोल्हापूरला आवाजाचं वावडं कधीच नव्हतं. खासबाग मैदानात कुस्ती रंगली की हलगी कडाडते, गणेशोत्सवात डॉल्बीवरून मंडळं आणि पोलीस यांची रस्सीखेच ठरलेली, आणि शाहूपुरीला तर एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशन असा दुहेरी शेजार. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. स्टँडच्या बाजूला खिडकी उघडणाऱ्या घराला हे आकडे वाचून हसू यावं. तरीही त्याच घरातला कॉलेजचा पोरगा रात्री अकरा वाजता कॉम्प्युटर सुरू करतो आणि आतल्या खोलीतून आवाज येतो, "ती घरघर बंद कर की आधी!"

ही तक्रार खोटी नसते. सलग, एकसुरी आवाजाकडे कान लवकरच दुर्लक्ष करायला शिकतो. छताचा पंखा रात्रभर फिरतो आणि त्याच्याखाली सगळं घर गाढ झोपतं. प्रोसेसरचा पंखा त्याच्याहून कितीतरी हळू बोलतो, पण तो बोलण्याची पट्टी सारखी बदलतो. ब्राउझर उघडला की सूर चढतो, पान दिसलं की उतरतो, मागे अपडेट सुरू झालं की पुन्हा किंचाळतो. त्रास असतो तो या चढउताराचा, आणि दुसरा बारीक शिट्टीसारख्या सुराचा. एप्रिलमध्ये छताचा पंखा पाचवर असताना तो झाकला जातो; डिसेंबरात छताचा पंखा बंद झाला की उघडा पडतो. त्यामुळे शांत पंखा हवा अशी मागणी उन्हाळ्यात कमी आणि थंडीत जास्त ऐकू येते, गरज मात्र नेमकी उलट्या ऋतूत असते.

दुकानात गिऱ्हाईक विचारतं, "चांगला फॅन कुठला?" खरं तर प्रश्न आधी तिथून सुरू होत नाही. प्रोसेसर किती वॅट उष्णता टाकतो, ती उष्णता हवेपर्यंत कोणत्या वाटेने जाते, आणि पंख्याने किती जोरात फिरायचं हे कोण ठरवतं, या तीन गोष्टी आधी येतात. पंख्यावरचं कंपनीचं नाव चौथं. पैसे मात्र बहुतेक जण त्या चौथ्या गोष्टीवरच खर्च करतात.

एके काळी प्रोसेसरला पंखाच नव्हता. १९९२ च्या सुमाराच्या ४८६ जातीच्या चिपवर फार तर अ‍ॅल्युमिनियमचा एक छोटा हीट सिंक असे. १९९३ साली पहिला पेन्टियम आला तो १५ वॅटच्या आसपास उष्णता घेऊन, आणि डोक्यावर पंखा बसायला लागला. महाराष्ट्रात २००० नंतर एमएस-सीआयटीची लाट आली तेव्हा गल्लोगल्लीच्या क्लासमध्ये चपला बाहेर काढून, एसी लावलेल्या खोलीत कॉम्प्युटर शिकवला जाई. थंड खोली आणि स्वच्छ पाय ही त्या काळची कूलिंग यंत्रणाच म्हणायची. २००४ मध्ये इंटेलचा प्रेस्कॉट पेन्टियम ४ आला. त्याचं ३.८ गिगाहर्ट्झचं रूप ११५ वॅटला पोचलं आणि घराघरांत घोंगावणारे पंखे आले. २००६ च्या कोअर २ ड्युओने ६५ वॅटवर खाली उतरून थोडी उसंत दिली. ती फार टिकली नाही.

आजचे आकडे जरा जपून वाचावे लागतात, कारण खोक्यावरचा वॅट आणि प्रत्यक्षातला वॅट यांची जुळणी नसते. इंटेलचा कोअर आय५-१२४०० हा ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, पण टर्बोमध्ये त्याची मर्यादा ११७ वॅट आहे. रायझेन ५ ५६०० हाही ६५ वॅटचा, आणि सॉकेटमधून तो ७६ वॅटपर्यंत घेऊ शकतो. आय९-१४९००के २५३ वॅटला पोचतो, म्हणजे शंभर वॅटचे अडीच जुने पिवळे बल्ब. त्यात मदरबोर्ड कंपन्या आणखी भर घालतात. एमएसआयचे काही बोर्ड पहिल्यांदा सुरू करताना विचारतात, तुमच्याकडे डब्यातला कूलर आहे, टॉवर आहे की पाण्याचा? जोडणारा उत्साहात पाण्याचा निवडतो, आणि बोर्ड वॅटची मर्यादा चार हजारांच्या वर नेऊन ठेवतो, म्हणजे मर्यादा काढूनच टाकतो. नंतर घरमालक पंख्याला शिव्या देत बसतो.

आता शाहूपुरीचं हवामान. परदेशी परीक्षणं बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत होतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असलं आणि संध्याकाळी वारा सुटत असला तरी एप्रिल-मे महिन्यात दुपारचा पारा ३७-३८ ला जातो, आणि पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्याहून वर. हवेवर चालणारा कोणताही कूलर खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. तो फक्त खोली आणि चिप यांतला फरक ठरवतो. म्हणून परीक्षणात २२ अंशांच्या खोलीत चिप ७० अंशांवर थांबली असेल, तर फरक ४८. तोच कूलर ३६ अंशांच्या खोलीत चिपला ८४ वर नेणार. हा कूलरचा दोष नाही, ही निव्वळ बेरीज आहे. आणि घाबरण्यासारखंही त्यात काही नाही: इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप चिपची हद्द १०० अंश आहे, आणि २०२२ च्या रायझेन ७००० मालिकेबद्दल तर एएमडीने ९५ अंशांवर चालणं हे ठरवूनच केलेलं आहे, असं सांगितलं. हद्द गाठली की चिप स्वतःच वेग कमी करते. २००१ साली टॉम्स हार्डवेअरने चालू एएमडी प्रोसेसरवरून हीट सिंक उचलून चिपचा धूर निघताना चित्रित केला होता. ते दिवस गेले. अति तापलेली चिप आता जळत नाही, मंदावते.

तरी ऐंशीच्या पुढे पंखे पूर्ण जोर लावतात, आणि मग आवाज. इथे पंख्याचं गणित समजून घेण्यासारखं आहे, कारण ते कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. एकाच पंख्याचे फेरे अर्धे केले तर हवा अर्धी होते, हवेचा दाब चौथाई होतो, लागणारी वीज आठव्या हिश्शावर येते, आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबलचा उतार कानाला निम्मा आवाज वाटतो, हे ध्यानात घेतलं तर पंधरा म्हणजे केवढा फरक ते कळेल. हवा निम्मी गेली, पण आवाज निम्म्याहूनही खूप खाली. शांत कूलिंगचा सगळा डाव या विषम व्यवहारावर उभा आहे: मोठं पातं, कमी फेरे. ९२ मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा १२० मिलिमीटरच्या पंख्याचं क्षेत्रफळ सुमारे १.७ पट असतं. तेवढीच हवा तो सावकाश फिरून देतो. प्रोसेसरसोबत डब्यात येणारा छोटा कूलर मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेऱ्यांवर चढून जे काम करतो, ते मोठा टॉवर हजार फेऱ्यांत उरकतो.

मात्र पंखा एकटा काही करत नाही. चिपची उष्णता तांब्याच्या तळाशी येते, तिथून हीट पाइपमध्ये. या बारीक तांब्याच्या नळ्यांत हवा काढून थोडंसं पाणी भरलेलं असतं. दाब कमी असल्यामुळे ते कमी तापमानालाच उकळतं, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे द्रव होऊन आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत तळाशी येते. १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही युक्ती सिद्ध केली, आणि आता ती दोन हजार रुपयांच्या कूलरमध्येही असते. नळ्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची चळत असते. पत्र्यांचं एकूण क्षेत्र जितकं जास्त तितकी कमी हवा पुरते. शांतता विकत घ्यायची असेल तर ती धातूच्या वजनात घ्यावी लागते. कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या गावाला हे पटवायला फार बोलावं लागू नये.

बेअरिंगचंही तसंच. शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम केलेल्या माणसाला बुश आणि बेअरिंग यांतला फरक पुस्तकातून शिकावा लागत नाही. कॉम्प्युटरच्या स्वस्त पंख्यात असतो तो बुश: दांडा एका वंगण भरलेल्या नळीत फिरतो. नवा असताना तो अगदी शांत असतो, बॉल बेअरिंगपेक्षाही. पण उष्णतेने वंगण सुकत जातं, बुश घासून सैल होतो, आणि वर्ष-दोन वर्षांत पंखा खरखरायला लागतो. पंखा आडवा बसवला, म्हणजे हवा वर किंवा खाली फेकणारा, तर आणखी लवकर. बॉल बेअरिंग दीर्घायुषी, पण त्याचा स्वतःचा एक बारीक आवाज असतो. छताच्या पंख्यात ६२०१ आणि ६२०२ नंबरची बॉल बेअरिंग बदलून देणारे कारागीर अजून पेठांत आहेत. कॉम्प्युटरच्या पंख्याचं बेअरिंग मात्र कोणी बदलत नाही, तो पंखा थेट भंगारात जातो. मधला मार्ग म्हणजे फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग, ज्यात फिरण्यामुळेच तेलाचा दाब तयार होऊन दांडा तेलावर तरंगतो. हार्ड डिस्कवाल्यांनी २००० नंतर हाच मार्ग धरला आणि तिथली किणकिण गेली. खोक्यावर 'हायड्रॉलिक', 'रायफल', 'हायड्रो' असे शब्द असतात, त्यांतले बरेचसे सुधारलेले बुशच असतात. ते वाईट नव्हेत, पण त्यांना फ्लुइडचा भाव देऊ नये.

बाजारात कंपन्यांची गर्दी आहे. ऑस्ट्रिया आणि तैवान यांच्या भागीदारीतून २००५ मध्ये उभी राहिलेली नॉक्टुआ ही या क्षेत्रातली पैठणी. तिचा तपकिरी-फिकट रंग कितीजणांना आवडत नाही, पण पंखा बोलत नाही. २०१८ चा तिचा एनएफ-ए१२एक्स२५ हा १२० मिलिमीटरचा पंखा पात्याचं टोक आणि चौकट यांत केवळ अर्धा मिलिमीटर फट ठेवतो, आणि त्यासाठी तापल्यावर न ताणणारं खास प्लॅस्टिक वापरतो. पूर्ण २००० फेऱ्यांवर कंपनी २२.६ डेसिबल सांगते. अर्थात असे आकडे प्रत्येक कंपनी स्वतःच्या शांत खोलीत स्वतःच्या पद्धतीने मोजते, त्यामुळे एका कंपनीच्या बावीसची दुसरीच्या बावीसशी तुलना करण्यात हशील नाही. आर्क्टिकचा पी१२ त्याच्या कितीतरी कमी किमतीत, पाच-पाचच्या पाकिटात मिळतो आणि हवा भरपूर देतो. त्याची खोड एकच: हजार फेऱ्यांच्या आसपास तो गुणगुणतो, हे अनेक परीक्षकांनी नोंदवलं आहे. तो टप्पा टाळून चालवला तर त्याच्या किमतीत त्याला तोड नाही.

पण घरच्या कॉम्प्युटरला सुटा पंखा क्वचितच लागतो. लागतो तो पूर्ण कूलर. डीपकूलचे एजी४०० आणि एके४०० हे चार नळ्या आणि एक १२० मिलिमीटर पंखा असलेले टॉवर दोन हजार रुपयांच्या आसपास मिळतात, आणि आय५-१२४०० किंवा रायझेन ५ ५६०० यांच्यासाठी ते पुरून उरतात. जुना कूलर मास्टर हायपर २१२ याच घराण्यातला. एका पिढीने पहिला टॉवर म्हणून तोच घेतला. त्याच्या वरची पायरी म्हणजे थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई: सहा नळ्या, दोन टॉवर, दोन पंखे. गेल्या काही वर्षांत या एका कूलरने मोठ्या कंपन्यांची झोप उडवली, कारण नॉक्टुआच्या एनएच-डी१५ च्या अगदी जवळ जाणारं काम तो त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत करतो. एनएच-डी१५ घ्यावा तो आयुष्यभराच्या हिशेबाने: सहा वर्षांची हमी, आणि नवं सॉकेट आलं की बसवायचा संच कंपनी देते. आठ तासांच्या नोकरीचं काम आणि रात्रीचे खेळ यांसाठी मधला टॉवर पुरे. अडीचशे वॅटचा प्रोसेसर घेऊन रात्रभर व्हिडिओ बनवणाऱ्यानेच वर जावं.

इथे एक उपद्रव सांगायला हवा, तो कूलरच्या परीक्षणांत सहसा सापडत नाही. स्वस्त, काचेच्या तोंडाच्या, रंगीबेरंगी दिव्यांच्या कॅबिनेटमध्ये आधीच तीन-चार पंखे बसवलेले असतात. त्यांतले बरेचसे थेट एसएमपीएसच्या मोठ्या चार पिनांच्या वायरीवर जोडलेले असतात, म्हणजे बारा व्होल्ट, कायम पूर्ण वेग. रिमोटने दिव्यांचा रंग बदलतो, फेरे बदलत नाहीत. समोर काच असल्यामुळे त्यांना ओढायला हवाही धड नसते, म्हणून ते जास्तच घोंघावतात. घरातले लोक ज्याला 'प्रोसेसरचा आवाज' म्हणतात तो पुष्कळदा या पंख्यांचा असतो. शोध सोपा आहे: मशीन बंद करून कॅबिनेटच्या पंख्यांची वायर काढावी, झाकण उघडं ठेवून पुन्हा सुरू करावं, आणि ऐकावं. एकसारखे दोन आवाज मिळून एकापेक्षा फक्त तीन डेसिबलने मोठे होतात. उलट बाजूने, पाच गोंगाटी पंख्यांतला एक महागडा करून कानाला काही कळतही नाही. आधी सगळ्यात मोठा आवाज करणारा पकडावा.

दुसरा उपद्रव फर्निचरचा. सनमायका लावलेल्या कॉम्प्युटर टेबलाखाली 'सीपीयू ठेवायचा' म्हणून जो कप्पा असतो, तिन्ही बाजूंनी बंद आणि मागे भिंत, तो म्हणजे प्रोसेसरसाठी भट्टी. मशीन स्वतःच टाकलेली गरम हवा पुन्हा ओढतं, कप्प्यातलं तापमान खोलीपेक्षा बरंच चढतं, आणि वर सांगितलेली बेरीज तिथून सुरू होते. कॅबिनेट कप्प्याबाहेर काढून भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवणं हा शाहूपुरीतला सर्वांत स्वस्त कूलर आहे. काही घरांत त्यावर अजून प्लॅस्टिकचं कव्हर असतं, आणि घाईत ते मशीन चालू असतानाही तसंच राहतं.

धूळ हा या गावचा विषयच वेगळा. शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली ही पेठ. आज तिथे वाहनांची वर्दळ, दुकानं, गोदामं आणि कुंभार गल्ली. कुंभार गल्लीत गणपतीच्या आधी काही महिने मूर्तींचं काम चालतं, घासकामाची पांढरी भुकटी हवेत तरंगते, आणि नेमका तोच पावसाचा, ओलाव्याचा मोसम. अशा घरातला कूलर उघडून बघावा. वरून पंखा ठीकठाक दिसतो, पात्यांच्या कडेला फक्त काळपट रेघ. पण चार स्क्रू काढून पंखा उचलला की खाली, पंखा आणि पत्रे यांच्या मध्ये, एक सबंध चादर निघते: करडी, नमद्यासारखी दाट, बोटाने सोलून काढता येईल अशी. पत्र्यांच्या फटी तिने बुजवलेल्या असतात. पंखा फिरतो, आवाज करतो, हवा मात्र कुठेच जात नाही. पांढऱ्या भुकटीला ओल लागली की ती पत्र्यांवर घट्ट धरते आणि मग ब्लोअरनेही निघत नाही, ब्रश घ्यावा लागतो.

ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. हवेच्या झोताने तो दुप्पट-चौपट वेगाने गरगरतो, गंमत वाटते, आणि बेअरिंगची वाट लागते. टायरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा पावसाळ्यात टाळलेली बरी, तिच्यातून पाण्याचे थेंब येतात. वर्षातून दोनदा, एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत, एवढं पुरतं. कुंभार गल्लीत मात्र गणपती गेल्यावर तिसऱ्यांदा.

वेग कोण ठरवतं, हा भाग लोक हातच लावत नाहीत, आणि तिथेच फुकटातली शांतता पडून आहे. आधुनिक प्रोसेसर पंख्याला चार वायरी असतात: एक अर्थ, एक बारा व्होल्ट, एक फेरे सांगणारी, आणि चौथी आज्ञेची. या चौथ्या वायरीवर मदरबोर्ड सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंदचा इशारा देतो. माणसाचा कान २० हजारांपर्यंतच ऐकतो, म्हणून तो इशारा ऐकू येत नाही. तीन वायरींचा पंखा असेल तर मदरबोर्डच्या बायोस सेटिंगमध्ये डीसी हा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर तो कायम पूर्ण वेगाने फिरतो. हे न केल्यामुळे 'नवा फॅन जास्तच आवाज करतो' अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक परत येतं.

रायझेन ३००० पासूनच्या चिपमध्ये तापमान एका क्षणात दहा-पंधरा अंश उसळतं आणि तितक्याच झटकन उतरतं. कोणत्या तापमानाला पंख्याचा वेग किती हे ठरवणारी कंपनीची मूळ रेघ प्रत्येक उसळीमागे पंख्याला पळवते, आणि तो वर-खाली, वर-खाली. बायोसमध्ये आसूसचं क्यू-फॅन, गिगाबाइटचं स्मार्ट फॅन अशा नावांनी ही रेघ बदलता येते. साठ अंशांपर्यंत पंखा एकाच ३५-४० टक्क्यांवर सपाट ठेवावा, पंचाहत्तरला साठ टक्के, पंच्याऐंशीच्या पुढे पूर्ण. प्रतिसादाला काही सेकंदांचा उशीर लावावा. तेवढ्याने डब्यातला कूलरही माणसात येतो. विंडोजवर फॅनकंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर हेच काम अधिक बारकाईने करतं. आणि त्याच बायोसमध्ये असताना वॅटची मर्यादाही बघावी. रायझेनचा इको मोड किंवा इंटेलची पॉवर लिमिट खाली आणली तर वेग थोडा जातो, उष्णता बरीच जाते. जी उष्णता तयारच झाली नाही तिच्यासाठी पंखा लागत नाही.

पाण्याचा कूलर हवा, असा हट्ट तरुण गिऱ्हाइकांत वाढलाय. पाणी उष्णता चांगली वाहून नेतं यात शंकाच नाही. पुण्याच्या सीडॅकने १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० उभा केला, आणि त्याच घराण्यातला परम ब्रह्म पुण्याच्या आयसर संस्थेत प्रोसेसरपर्यंत थेट पाणी नेऊन थंड ठेवला जातो. पण तिथे हजारो गाभे एकाच खोलीत असतात. घरच्या एका चिपसाठी पाण्याचा कूलर घेतला तर शेवटी रेडिएटरवर पंखेच असतात, शिवाय पंपाची एक नवी गुणगुण येते, आणि ती बारीक सुराची असल्याने रात्री जास्त टोचते. पंप काही वर्षांनी थकतो. टॉवरमध्ये थकणारा भाग फक्त पंखा, आणि तो दहा मिनिटांत बदलतो. दोनशे वॅटच्या खाली पाण्याचा कूलर हा दिसण्याचा सोस आहे. सोस करायला हरकत नाही, फक्त त्याला शांततेचं नाव देऊ नये.

अगदी बिनपंख्याचाही मार्ग आहे. नॉक्टुआने २०२१ मध्ये एनएच-पी१ हा सुमारे १.२ किलोचा नुसता धातूचा कूलर काढला. अ‍ॅपलच्या २०२० च्या एम१ मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. ३७ अंशांच्या खोलीत डेस्कटॉपला पंख्याशिवाय ठेवणं मात्र कोल्हापुरात धाडसाचं, निदान मे महिन्यात तरी.

घेण्याआधी मोजपट्टी काढावी. टॉवरची उंची दीडशे ते एकशेपासष्ट मिलिमीटर असते: एजी४०० दीडशे, एके४०० आणि पीअरलेस असॅसिन एकशेपंचावन्न, एनएच-डी१५ एकशेपासष्ट. अरुंद कॅबिनेटमध्ये झाकण लागत नाही, आणि मग लोक झाकण उघडंच ठेवून धूळ खातात. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या एलजीए १७०० सॉकेटची भोकं ७८ मिलिमीटरवर आहेत, आधीची ७५ वर. जुन्या कूलरसाठी वेगळी पट्टी लागते. एएमडीच्या एएम४ चे बहुतेक कूलर एएम५ वर बसतात. एएम४ वरून जुना कूलर काढताना आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून चिप आणि कूलर यांच्या मधली पेस्ट ऊब घेऊ द्यावी, मग बंद करून कूलर हलकेच फिरवत सोडवावा. सरळ ओढला तर पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. इंटेलच्या डब्यातल्या कूलरचे चार प्लॅस्टिकचे खिळे हा आणखी एक सापळा. त्यांतला एक नीट अडकला नाही की कूलर एका कोपऱ्यात किंचित उचललेला राहतो, चिप नव्वदला जाते, आणि दोष पंख्यावर येतो. बोर्डच्या मागून बघावं: चारही टोकं पूर्ण बाहेर आलेली दिसली पाहिजेत. थर्मल पेस्ट हरभऱ्याच्या दाण्याएवढी.

शाहूपुरी-राजारामपुरीच्या बाजारात अलीकडे कार्यालयांतून निघालेली रिफर्बिश्ड मशीनंही घरोघर जात आहेत, विशेषतः डेलचे ऑप्टिप्लेक्स. अभ्यासासाठी स्वस्त आणि भक्कम. पण त्यांच्या कूलरचा खटका बाजारातल्या चार पिनांच्या खटक्याशी जुळत नाही. डेलचा पाच खाचांचा, वायरींचा क्रमही वेगळा. दुसरा पंखा जोडला की सुरू होताना मागच्या वेळी पंखा बंद पडल्याची सूचना येते आणि मशीन अडून बसतं. बाजारात जोडपट्ट्या मिळतात, तरी सोपा उपाय म्हणजे मूळचाच कूलर साफ करणं: पंखा काढायचा, खालची धुळीची चादर उचलायची, सुकून खडूसारखी झालेली पेस्ट पुसून नवी लावायची. या मशीनमधले प्रोसेसर बहुधा ६५ वॅटचेच असतात, आणि मूळ कूलर त्यांच्यासाठीच मापून केलेला असतो. पंखा बोटाने फिरवून खरखर लागली, तरच त्याच मॉडेलचा जुना पंखा भाग-क्रमांक बघून मागवावा. तो क्रमांक पंख्याच्या मधोमध चिकटवलेल्या गोल कागदावर छापलेला असतो.